शाळेत समुपदेशक येईल; त्याचं काम कोण पाहणार?

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल देशभरासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा आणि लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं, ही त्यांतली सर्वात ठळक सूचना. तिची गरज होतीच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली आणि राज्यवार यादीत महाराष्ट्र सर्वात वर होता. आता जाहिराती निघतील, पदं भरली जातील, तपासणीच्या वेळी नेमणुकीचं पत्र फाइलला लागलेलं असेल. त्या खोलीचं दार लागल्यावर मुलाला आत नेमकं काय मिळतं, हे मात्र त्या पत्रावरून कळणार नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की मुलांसाठी सिद्ध झालेले उपचार आपल्याकडे अडून बसतात ते माहितीअभावी नाही, आणि केवळ माणसं कमी म्हणूनही नाही. उपचार शिकवला जातो, प्रमाणपत्र मिळतं आणि त्यानंतर त्या माणसाचं प्रत्यक्ष काम कोणी ऐकत नाही, मूल बरं होतंय का हे कोणी मोजत नाही. उपचाराचं नाव तेवढं टिकतं आणि आतला कस हळूहळू निघून जातो.

काय लागू पडतं हे आता बऱ्यापैकी स्पष्ट आहे. चिंतेच्या आजारांवर सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं या दोन्हींवर एकत्र काम करणारा उपचार, याची मोठी चाचणी २००८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली. ७ ते १७ वयाची ४८८ मुलं, बारा आठवडे, सीबीटीची चौदा सेशन्स. नुसत्या सीबीटीने सुमारे ६० टक्के मुलांत ठळक सुधारणा झाली, नुसत्या सर्ट्रालिन या औषधाने ५५ टक्के, दोन्ही मिळून ८१ टक्के. औषध नसलेल्या नकली गोळीवर २४ टक्के. मंत्रचळावरच्या, म्हणजे तीच भीती आणि तीच कृती पुन्हापुन्हा घडवणाऱ्या ओसीडी या आजारावरच्या, २००४ च्या चाचणीत ११२ मुलं होती. लक्षणं जवळजवळ संपली अशा मुलांचं प्रमाण एकत्रित उपचाराने ५४ टक्के, सीबीटीने ३९, औषधाने २१ आणि नकली गोळीवर ४ टक्क्यांहून कमी. त्याच वर्षी किशोरवयीनांच्या नैराश्यावरची चाचणी आली, तिचा निकाल वेगळा होता: नुसत्या सीबीटीने ४३ टक्के सुधारले, नकली गोळीवर ३५, आणि हा फरक ठामपणे काही सांगावा इतका नव्हता, फ्लुओक्सेटिन हे औषध जोडल्यावर आकडा ७१ वर गेला. म्हणजे सीबीटी हा सगळ्यावरचा रामबाण नाही. कोणत्या मुलाला काय द्यायचं हे आजारावर ठरतं, आणि निदानच नीट न करता सगळ्यांना सारखंच ‘समुपदेशन’ देणं ही पहिली चूक तिथेच होते.

आता उपचार पातळ कसा होतो ते मंत्रचळाच्याच उदाहरणाने पाहू. दहा वर्षांची मुलगी, दिवसातून चाळीस वेळा हात धुते, शाळेतून आल्यावर दप्तर पुसून घेते, आईला विचारत राहते, ‘माझे हात स्वच्छ आहेत ना?’ सिद्ध झालेला उपचार असा: आधी तिच्याबरोबर बसून भीतीची उतरंड करायची. बाहेरच्या दाराच्या कडीला हात लावणं, भीती दहापैकी तीन. शाळेचा गणवेश न बदलता पलंगावर बसणं, पाच. चपलेला हात लावून न धुता बिस्कीट खाणं, आठ. तीनपासून सुरुवात करायची. कडीला हात लावायचा, धुवायचा नाही, आणि दर पाच मिनिटांनी तिने भीतीचा आकडा सांगायचा. आकडा आधी चढतो, मग बहुतेकदा उतरू लागतो. नाही उतरला तरी ज्याची धास्ती होती ते घडलं नाही, एवढं तिच्या अनुभवाला येतं. मग तेच घरी रोज, पुढच्या आठवड्यात वरची पायरी. चपलेला आधी उपचार करणाऱ्याने स्वतः हात लावायचा असतो, आणि न धुता बसायचं असतं.

बिघडतं ते पुढे. मुलगी रडायला लागते. उपचार करणाऱ्याचा जीव कळवळतो, तो म्हणतो, ‘बरं, आज एवढं पुरे, जा हात धुऊन ये.’ त्या क्षणी ती शिकते की धुतल्यावरच सुटका आहे, आणि आजार आणखी पक्का होतो. किंवा तो तिला दीर्घ श्वास घ्यायला लावतो. श्वास हीच नवी पळवाट होते. किंवा ‘अगं, काही होत नाही कडीला हात लावून’ असं पुनःपुन्हा समजावतो. म्हणजे आई घरी देते तोच दिलासा आता फी घेऊन दिला जातो. पुढच्या वेळेपासून तो कडीचा विषयच काढत नाही. गप्पा होतात, चित्रं काढली जातात, ताणमुक्तीचे व्यायाम होतात, मुलीला तो माणूस आवडतोही. कागदावर ‘सीबीटी, आठ सेशन्स’ अशी नोंद होते. हात धुणं तसंच राहतं आणि आईवडील म्हणतात, थेरपी करून पाहिली, उपयोग झाला नाही. हे वाईट माणसांच्या हातून होत नाही. मुलाला मुद्दाम घाबरवायचं हे कोमल मनाच्या माणसाला जडच जातं, म्हणून तर त्याच्या पाठीशी कोणीतरी असावं लागतं.

घराची बाजू याहून अवघड. आपल्याकडे सोवळंओवळं, देवघराचे नियम, सुतक, पाळी, यांत स्वच्छतेचे आजार सहज लपतात. आजी म्हणते, ‘पोरगी टापटीपीची आहे.’ आई रोज दप्तर पुसून देते, वेगळा टॉवेल ठेवते, विचारल्या प्रश्नाला प्रत्येक वेळी उत्तर देते. ही साथ कमी केल्याशिवाय मुलीची सुटका नाही. पण ती एकदम तोडली तर घरात आकांत होतो. म्हणून एकेक साथ निवडून, मुलीला आधी सांगून, ठरलेल्या वाक्यात सोडायची असते: ‘तुला भीती वाटतेय हे मला कळतं, आणि ती तू सहन करू शकतेस हेही मला ठाऊक आहे. दप्तर आजपासून मी पुसणार नाही.’ केवळ पालकांबरोबर काम करून मुलांची चिंता कमी करणाऱ्या अशा उपचाराची २०१९ मध्ये चाचणी झाली आणि त्याचा परिणाम मुलांना थेट दिलेल्या सीबीटीच्या तोडीचा निघाला. एका खोलीच्या घरात, मूल दवाखान्यात यायला तयार नसताना, ही वाट आपल्याला फार मोलाची आहे. धार्मिक आचार सोडायला मात्र कोणाला सांगू नये. घरातली बाकीची माणसं जेवढं पाळतात तेवढं तिनेही पाळावं. त्यापलीकडचं जे आहे ते आजाराचं.

हट्टी, आक्रमक मुलांसाठीच्या पालक-प्रशिक्षणाचंही असंच होतं. सिद्ध झालेल्या पद्धतीत पालक आणि मूल समोर खेळत असतात आणि प्रशिक्षक त्याच वेळी पालकाला शब्द सुचवत असतो: ‘शहाणा बाळ’ असं मोघम नको, ‘खेळणी स्वतःहून डब्यात ठेवलीस, छान केलंस’ असं म्हणा. घरी रोज पाच मिनिटं मुलाच्या कलाने खेळायचं, त्यात हुकूम नाही, प्रश्नांचा मारा नाही. आपल्याकडे याची बहुतेक वेळा सभागृहातली तासाभराची व्याख्यानं होतात आणि शेवटी दहा सूचनांचा कागद हाती मिळतो. पुष्कळ पालक गळतात ते दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. किरकिरीकडे लक्ष देणं थांबवलं की ती सुरुवातीला वाढते, कधी दुप्पट होते. हे आधी सांगून ठेवलेलं नसलं तर आईला वाटतं की उपाय उलटला. सासूबाई म्हणतात, ‘बघ, मी म्हटलं नव्हतं?’ आणि सगळं पूर्वपदावर येतं. त्या आठवड्यात एक फोन केला तरी पालक टिकून राहू शकतात. तो फोन कोणाच्या कामाच्या यादीत नसतो.

मग एवढं नाजूक काम फक्त क्लिनिकल सायकॉलॉजिस्टनेच करावं का? तसं म्हटलं तर विषयच संपतो, कारण तेवढी माणसं देशात नाहीत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार आढळला. मानसोपचारतज्ज्ञ मात्र लाख लोकांमागे एकसुद्धा पडत नाही. सुदैवाने याचं उत्तर भारतातल्याच चाचण्यांनी दिलं आहे. गोव्याच्या संगथ या संस्थेने आणि तिच्याबरोबरच्या संशोधकांनी स्वमग्न मुलांच्या पालकांसाठीचा कार्यक्रम गोवा आणि रावळपिंडी इथे तपासला. २ ते ९ वयाची ६५ मुलं, सहा महिन्यांत बारापर्यंत सेशन्स, तीही तज्ज्ञ नसलेल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी दिलेली. पालकांचं मुलाच्या कलाने प्रतिसाद देणं सुधारलं आणि मुलं स्वतःहून संवाद सुरू करू लागली. हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. दिल्लीच्या सरकारी शाळांत नववी ते बारावीच्या सुमारे अडीचशे मुलांबरोबर अडचण सोडवण्याची पद्धत तपासली गेली: अडचण नेमकी मांडायची, पर्याय काढायचे, एक निवडून करून पाहायचा. तीन आठवड्यांत चार-पाच सेशन्स, प्रत्येक वीस-तीस मिनिटांचं. तुलनेच्या गटालाही याच विषयाच्या पुस्तिका दिल्या होत्या, तरीही ज्यांना समुपदेशक भेटला त्यांच्या स्वतः सांगितलेल्या अडचणी सहा आठवड्यांत जास्त हलक्या झाल्या. लक्षणांच्या प्रश्नावलीचे एकूण गुण मात्र त्या मुदतीत फारसे वेगळे नव्हते. असा अर्धामुर्धा निकालही लपवला नाही, म्हणूनच तो विश्वासाचा आहे.

या सगळ्यांत धोरण ठरवणाऱ्यांनी भिंतीवर लावून ठेवावी अशी चाचणी बिहारच्या नालंदा जिल्ह्यातली, ‘सेहेर’. २०१८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. जवळपास ७५ माध्यमिक शाळा, तीन गट. एका गटात शाळेतल्याच शिक्षकाला कार्यक्रम चालवायला दिला, दुसऱ्यात त्याच कामासाठी बाहेरचा, मानसशास्त्राची पदवी नसलेला माणूस नेमला, तिसऱ्यात नेहमीचंच. कार्यक्रम तोच: परिपाठातले विषय, भित्तिपत्रक, तक्रारपेटी, मुलांचे गट, गरज असलेल्यांना वैयक्तिक भेट. बाहेरच्या माणसाच्या शाळांत शाळेचं वातावरण स्पष्टपणे सुधारलं, नैराश्याची लक्षणं आणि दादागिरी कमी झाली. शिक्षकांच्या शाळांत नेहमीच्या शाळांपेक्षा काहीही फरक दिसला नाही. काहीही नाही. कारण समजायला अवघड नाही. जो माणूस गृहपाठ तपासतो, गुण देतो, पालकांना बोलावतो, त्याच्याकडे मूल मन मोकळं करत नाही. आणि निवडणूक, जनगणना, ऑनलाइन माहिती भरणं यांतून शिक्षकाकडे वेळ उरत नाही. तरीही २०२० पासूनच्या आयुष्मान भारत शाळा आरोग्य कार्यक्रमाचा सगळा भार प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांवर आहे. आपल्याच देशातला, एवढा मोठा, एवढा नेमका पुरावा हाताशी असताना ही रचना चालू ठेवणं मला समर्थनीय वाटत नाही.

पण बाहेरचा माणूस नेमला की झालं, असाही याचा अर्थ नाही. या चाचण्यांतले कार्यकर्ते एकटे नव्हते. काही दिवसांचं प्रशिक्षण ही फक्त सुरुवात होती. खरं शिकणं त्यानंतरच्या नियमित बैठकांत झालं. परवानगीने ध्वनिमुद्रित केलेलं सेशन गटात ऐकायचं आणि ठरलेल्या मोजपट्टीवर सगळ्यांनी गुण द्यायचे: आज काय करायचं ते मुलाबरोबर ठरवलं का, मागच्या आठवड्याचा सराव विचारला का, मूल बोलत असताना सल्ला घुसडला का, नवा सराव नेमका दिला का. कार्यशाळेने माहिती वाढते, प्रत्यक्ष काम बदलत नाही, हे इतर देशांतल्या अभ्यासांतही वारंवार दिसलं आहे. आपल्याकडे खर्च सगळा पहिल्या भागावर होतो. कार्यशाळेचा फोटो निघतो, उपस्थिती मोजता येते, आर्थिक वर्षात पैसे संपतात. दर आठवड्याच्या दोन तासांच्या बैठकीला अंदाजपत्रकात शीर्षकच नसतं.

शाळेतल्या एकट्या समुपदेशकापुढे येणारे प्रसंग पाहिले म्हणजे हे किती धोक्याचं आहे ते कळतं. नववीतला मुलगा म्हणतो, ‘जगण्यात अर्थ नाही.’ पुष्कळजण इथे विषय बदलतात, कारण आत्महत्येबद्दल विचारलं तर तो विचार मुलाच्या डोक्यात शिरेल अशी त्यांना भीती असते. तशी भीती निराधार आहे. सरळ, शांतपणे विचारायचं असतं. त्यानंतर त्याच्याबरोबर सुरक्षिततेचा आराखडा लिहायचा: धोक्याची खूण कोणती, आधी काय करायचं, मग कोणाला हाक मारायची, रात्री कोणता फोन. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक त्यात असावा. पालकांना त्याच दिवशी बोलावून घरातली औषधं आणि शेतीच्या घरात फवारणीचं औषध मुलाच्या हाती लागणार नाही अशी सोय करायला लावायची. दुसरीकडे मुलगी लैंगिक अत्याचाराबद्दल सांगते. पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या कलम १९ नुसार ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, त्यामुळे ‘तू सांगशील ते सगळं गुपित राहील’ असं पहिल्या भेटीत दिलेलं वचन मोडावं लागतं. काय गुपित राहील आणि काय राहणार नाही, हे पहिल्या पाच मिनिटांतच सांगायला हवं. मुख्याध्यापक विचारतात, ‘तो काय म्हणाला?’ तेव्हा काय उत्तर द्यायचं? या प्रत्येक वेळी ज्याला फोन करता येईल असा अनुभवी माणूस नसेल, तर पंचविशीतली समुपदेशक एक तर घाबरून प्रत्येक मूल पुढे पाठवेल किंवा कोणालाच पाठवणार नाही.

मोजण्याचा प्रश्न तर सर्वात दुर्लक्षित. वर्षाअखेरीस अहवालात येतं: इतक्या मुलांचं समुपदेशन केलं. त्यांतली किती बरी झाली? यासाठी महागडी साधनं लागत नाहीत. पहिल्या भेटीत मुलाला त्याच्या शब्दांत तीन मोठ्या अडचणी सांगायला लावायच्या: ‘वर्गात उभं राहून वाचता येत नाही’, ‘रात्री झोप येत नाही’, ‘बाबांशी रोज भांडण’. प्रत्येकीला शून्य ते दहा गुण. दर भेटीला तेच तीन आकडे पुन्हा विचारायचे. दोन मिनिटांचं काम आहे. चार भेटींनंतर आकडे हललेच नाहीत तर बेत बदलायचा किंवा पुढे पाठवायचं. इंग्लंडने २०११ पासून मुलांच्या सेवांमध्ये दर भेटीला असं मोजमाप आणायला सुरुवात केली. न मोजता चांगुलपणावर भरवसा ठेवला तर काय होतं हेही तिथेच दिसलं: शाळेत सगळ्या मुलांना माइंडफुलनेस, म्हणजे चालू क्षणाकडे शांतपणे लक्ष देणं, शिकवण्याचा कार्यक्रम आठ हजारांहून जास्त मुलांवर तपासला, २०२२ मध्ये निकाल आला, आणि नेहमीच्या शिकवण्यापेक्षा त्याने मुलांच्या मनःस्वास्थ्यात काही भर पडली नाही. आपल्याकडे परिपाठात ध्यान, ओंकार, ‘सकारात्मक विचार’ सुरू करून मानसिक आरोग्याचा कार्यक्रम पूर्ण झाला असं मानणाऱ्या शाळांनी हा निकाल जरूर पाहावा.

औषधांची अडचण थोडक्यात सांगतो, कारण ती सोडवायला सोपी आहे. एडीएचडीवर, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा यांच्या विकारावर, सर्वात चांगला पुरावा असलेलं मिथाइलफेनिडेट आपल्याकडे शेड्यूल एक्समध्ये येतं: दुकानाला वेगळा परवाना, दोन प्रतींत प्रिस्क्रिप्शन, एक प्रत दुकानदाराने दोन वर्षं जपायची. नियम योग्य आहेत, पण मागणी थोडी आणि कटकट जास्त म्हणून तालुक्याच्या ठिकाणी ते बहुतेकदा मिळत नाही. मग मुलाला सहज मिळणारं, गुंगी आणणारं दुसरंच काही दिलं जातं. जिल्हा रुग्णालयांच्या औषधसाठ्यात ते नेमाने ठेवलं तर हा प्रश्न बराचसा मिटेल.

‘हे सगळं पाश्चात्त्य आहे, आपल्या मुलांना कसं लागू पडेल?’ हा आक्षेप नेहमी येतो. त्यात तथ्य आहे, पण अर्धं. उदाहरणं, भाषा, बक्षिसं, कोणाला खोलीत बोलवायचं, हे सगळं बदलायलाच हवं. मुलाला वेगळ्या खोलीत दोन मिनिटं बसवा ही सूचना जिथे वेगळी खोलीच नाही तिथे निरर्थक आहे. आजीला बाहेर ठेवून घरात कोणताही नियम टिकत नाही, म्हणून तिला पहिल्या दिवसापासून आत घ्यावं. बदलता येत नाही ते भीतीला प्रत्यक्ष सामोरं जाणं, खोलीतच सराव करणं, घरचा सराव तपासणं. नेमकं उलटं घडतं: चित्रं मराठी होतात आणि सराव गळतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, की चाचण्या एका आजारावर असतात आणि मुलाला तीन एकदम असतात. म्हणून २०१२ मध्ये अमेरिकेत चिंता, नैराश्य आणि वर्तन यांचे सुटे भाग करून मुलाच्या गरजेप्रमाणे जोडण्याची पद्धत १७४ मुलांवर तपासली. एका आजाराची ठरीव पुस्तिका आणि नेहमीचे उपचार या दोन्हींपेक्षा मुलं जास्त वेगाने सुधारली. जिल्ह्याच्या समुपदेशकाला शिकवायचे तर असेच आठ-दहा भाग शिकवावेत.

पैशाबद्दल. बारा सेशन्स म्हणजे बारा वेळा आईची मजुरी बुडते, बारा वेळा एसटीचं भाडं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांना संरक्षण द्यायला सांगितलं, पण बहुतेक पॉलिसी दवाखान्यात भरती झाल्यावरच लागू होतात. बोलण्याच्या उपचारासाठी मूल भरती होत नाही. म्हणून शाळा हीच योग्य जागा आहे आणि न्यायालयाच्या सूचनेचं मोल तिथेच आहे.

एका जिल्ह्यापासून सुरुवात करता येईल. सहा ते आठ समुपदेशकांचा एक गट, आठवड्याला दोन तास, प्रत्येक वेळी एक ध्वनिमुद्रण ऐकायचं. एक अनुभवी पर्यवेक्षक आठवड्यात असे चार गट सांभाळू शकतो, म्हणजे एका पगारात जवळपास तीस समुपदेशकांचं काम नीट होईल. पर्यवेक्षक शाळेच्या नोकरीत नसावा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या किंवा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागाच्या हाताखाली असावा, म्हणजे मुख्याध्यापकाचा दबाव त्याच्यापर्यंत पोचणार नाही. ध्वनिमुद्रणासाठी पालकांची लेखी संमती आणि मुलाचा होकार दोन्ही घ्यावेत, ऐकून झाल्यावर फाइल पुसावी. समुपदेशकाच्या नेमणुकीच्या आदेशातच आठवड्याचे हे दोन तास कामाचे तास म्हणून लिहावेत; तसं लिहिलं नाही तर त्या वेळी त्याला परीक्षेच्या पर्यवेक्षणावर किंवा गैरहजर शिक्षकाच्या तासावर पाठवलं जाईल. आणि शिक्षण खात्याने वर्षाअखेरीस शाळेकडून एकच जादा रकाना मागावा: चौथ्या भेटीपर्यंत किती मुलांचे तीन आकडे खाली आले.